लाखेवर धरलेली रिंग

माझ्या थोरल्या भावानं माझ्या बायकोला फसवलं. पैशाला नाही, जागेला नाही. तिच्या हातातलं कसब त्यानं उचललं, आपल्या नावावर लावलं, आणि ज्या एका माणसाला ते तिचं आहे हे कळायला हवं होतं, नेमकं त्याच माणसाला ‘माझं’ म्हणून सांगितलं. आमच्या नात्यात ही गोष्ट कोणी काढत नाही. मी काढली की म्हणतात, ‘जाऊ दे रे, किती वर्षं झाली.’ वर्षं झाली म्हणून मालाचं वजन घटतं, असा व्यवहार मी तरी कुठल्या बाजारात पाहिलेला नाही.

गोष्ट ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांची. आम्ही मुलुंडला पूर्वेला एका बैठ्या चाळीत राहत होतो. दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी. मी एका कारखान्यात टर्नर होतो, लेथ नावाच्या यंत्रावर धातू कातायचो. साहेबानं दुसऱ्याची चूक माझ्या माथी मारली, तेव्हा मी हजेरीचा पास त्याच्या टेबलावर आपटला आणि घरी आलो. बायको भाकऱ्या करत होती. तिनं एवढंच विचारलं, ‘आता घरीच काम करणार का?’ तोवर माझ्या डोक्यात तसं काही आलंही नव्हतं. तिनं विचारलं म्हणून म्हणालो, ‘हो.’

लेथ मी कुर्ल्याच्या भंगारातून घेतला. टेबलावर मावेल एवढा लहान, गंजलेला. विकणारा म्हणाला, ‘जर्मन माल है सेठ.’ मी म्हणालो, ‘जर्मनी में इसका क्रियाकर्म हो चुका. तू सिर्फ अस्थी बेच रहा है.’ आजूबाजूचे हसले आणि त्याचा चेहरा उतरला. भाव पाडायचा असेल तर चार लोकांना हसवावं, हे मी लहानपणी भाजीबाजारात शिकलो. चक मात्र तो वेगळा विकायला बघत होता. चक म्हणजे लेथच्या तोंडाशी असलेली पकड. तीन जबडे असतात, किल्ली फिरवली की तिन्ही एकदम जवळ येतात आणि कामाचा तुकडा धरतात. मी म्हणालो, ‘चक नसलेला लेथ घेऊन मी काय त्याच्यावर कपडे वाळत घालू?’ शेवटी चक त्यानं फुकटात टाकला. मी विजयी वीरासारखा टेम्पोत बसलो. घरी येऊन बघतो तर जबडे तोंडाशी झिजलेले. मोठा तुकडा ठीक धरायचा, लहान धरला की म्हाताऱ्यानं सुपारी चावावी तसं करायचा. फुकट मिळालेल्या चकाबद्दल भांडायला तरी कोणाकडे जाणार?

पहिलं काम मिळालं घाटकोपरच्या एका शेठचं. शाळांना लागणारी भिंगं आणि छोटे सूक्ष्मदर्शक तो बनवायचा. भिंग नळीत बसवलं की ते हलू नये म्हणून पितळेची एक पातळ रिंग लागते. बाहुलीच्या हातात घालावी एवढी. मी पहिली खेप घेऊन गेलो. शेठनं एक रिंग उचलली, भिंगावर ठेवली, अडकली. दुसरी उचलली, ती खुळखुळली. त्यानं शांतपणे विचारलं, ‘भाई, ये गोल है?’

‘गोलच आहे शेठ. तुमचं भिंग वाकडं असेल.’

तो पोट धरून हसला. मीही हसलो. पण रिंगा पिशवीत घेऊन परत येताना कानशिलं तापली होती.

दोष कुठे होता ते मला ठाऊक होतं. पातळ रिंग तीन जबड्यांत धरली की ती तीन जागी दबते. दबलेल्या अवस्थेत आतून अगदी गोल कातली तरी जबडे सोडले की पितळ आपल्या जागी परत जातं आणि गोलाचा गोल राहत नाही. सैल धरावी तर कातायचं हत्यार टेकताच उडते. मोठ्या कारखान्यांत यासाठी कॉलेट असतात. कॉलेट म्हणजे चिरा दिलेली नळी, ती सगळ्या बाजूंनी सारखी आवळते. माझ्याकडे कुठलं आलंय कॉलेट! मी जबड्यांना कागद लावला, सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. लाकडाच्या ठोकळ्यात खाच कोरून रिंग त्यात दाबून बसवली, तर लाकूड दमट हवेनं फुगलं. एका दुपारी चिडून मी हातातली रिंग भिरकावली. ती मोरीतल्या बादलीत जाऊन पडली.

बायकोनं हात घालून काढली, पदराला पुसली आणि उजेडात धरली.

‘ही बांगडी तुम्ही त्या चिमट्यात धरता?’

‘चिमटा नाही, चक आहे तो.’

‘तेच ते. अहो, एवढीशी वस्तू दाबून धरतात होय? बाबा म्हणायचे, धरावं असं की वस्तूला कळू नये.’

आम्ही मूळचे सोनार, पण आजोबा गावाहून गिरणीत आले तेव्हापासून आमच्या घरात हातोडीचा संबंध उरला नव्हता. तिच्या माहेरी मात्र सावंतवाडीच्या अलीकडे एका गावात ओटीवर अजून भट्टी पेटत होती. मुलींना ऐरणीजवळ बसू देत नसत. मुलगी लग्न करून जाणार आणि विद्या दुसऱ्याच्या घरात नेणार, असा हिशेब. पुतण्याला शिकवलं, लेकीला नाही. तिच्याकडे फक्त लाख वितळवायचं काम होतं. बारीक दागिन्यावर नक्षी काढायची तर सोनार तो हातात धरत नाही, लाखेत बसवतो. ती लाख गरम करून, मळून द्यायची आणि वडिलांचं काम संपेपर्यंत उंबऱ्यावर बसून बघायची. बघण्याला कोणाची मनाई नव्हती.

त्या दुपारी ती वाण्याकडे गेली आणि चपडी लाख घेऊन आली. विटेचा तुकडा खलात कुटून पूड केली, वस्त्रगाळ केली, लाखेत मिसळून तिच्या कांड्या वळल्या. मी पडवीत स्टुलावर बसून म्हणत होतो, ‘हे दागिन्यांचं चाललं असेल. हे मशीन आहे बाई. मशीनला गती असते.’

‘मग मशीनला सांगा जरा दमानं घ्यायला.’

तिच्या सांगण्यावरून मी पितळेचा एक जाड तुकडा चकात धरला. जाड तुकड्याचं जबडे काही बिघडवू शकत नव्हते. त्याचं तोंड सपाट कातून घेतलं. तिनं स्पिरिटच्या दिव्यानं तो तुकडा तापवला आणि त्या तोंडावर लाखेची कांडी फिरवली. काळसर तपकिरी रंगाचा चमकता थर पसरला. त्यावर तिनं रिंग ठेवली, आणि मग जे केलं ते मी त्याआधी कोणत्याही कारखान्यात पाहिलेलं नव्हतं. मला म्हणाली, ‘चक हातानं फिरवा, हळू.’ मी फिरवू लागलो. देवापुढच्या उदबत्तीची जळून उरलेली काडी तिनं घेतली आणि फिरत्या रिंगेच्या कडेला नुसती टेकवली. रिंग जिथे बाहेर होती तिथे काडी तिला आत ढकलत होती. थरथरत थरथरत रिंग मधोमध आली आणि स्थिर झाली. बायको लाखेवर फुंकर मारत होती. लाख थंड होईपर्यंत आम्ही दोघंही तिच्यावर वाकून होतो. इतक्या जवळ आम्ही दिवसाउजेडी क्वचितच बसलो असू. तिच्या केसांना पडवीतल्या तेलाचा वास लागला होता.

मी हत्यार नखभर टेकवलं. पितळेचा सोनेरी केसासारखा कीस निघाला. रिंग हलली नाही. काम झाल्यावर तिनं पुन्हा दिवा धरला, लाख सुटली, रिंग अलगद उचलली आणि स्पिरिटमध्ये टाकली. शेठनं नमुन्याला दिलेलं भिंग मी तिच्यात बसवलं. बसलं. उलटं केलं, हलवलं. आवाज नाही.

‘जमलं का?’ तिनं विचारलं.

‘ठीक आहे,’ मी म्हणालो. हा माझा भाव करतानाचा आवाज. ती ओळखून हसली.

पुढच्या खेपेला शेठनं रिंगा एकामागून एक बसवून बघितल्या आणि विचारलं, ‘मशीन बदला क्या?’ मी घरी येऊन तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘मग हो म्हणायचं ना.’

तेव्हापासून चारचा चहा झाला की ती पडवीत यायची. तिचं काम रिंग बसवायचं आणि सोडवायचं, माझं कातायचं. शेजारणी विचारायच्या, ‘तुम्ही नवरा-बायको मागे बसून काय जाळता गं रोज?’ ती सांगायची, ‘नजर काढते ह्यांची. ह्यांना फार लागते.’ मी कधी चिडून हत्यार जास्त दाबलं की रिंग सुटून उडायची. ती काही म्हणायची नाही, पुढची रिंग बसवायला मुद्दाम उशीर करायची. राग उतरेस्तोवर दिवा पेटायचा नाही. त्या रिंगांनी मला जितकं सबुरीनं काम करायला शिकवलं तितकं कोणत्याही उस्तादानं शिकवलं नाही, आणि त्यातलं निम्मं तिनं दिवा न पेटवून शिकवलं.

आता भावाबद्दल. तो माझ्यापेक्षा बराच मोठा. वडिलांची गिरणी सुटली तेव्हा त्यानं शाळा सोडली, भांडुपच्या एका मोठ्या कंपनीत शिकाऊ कामगार म्हणून उमेदवारी धरली आणि मला शिकवलं. बारीक मापं घ्यायचा पहिला व्हर्नियर कॅलिपर मला त्यानंच आणून दिला, आणि त्यावरचं माप वाचायला शिकवताना चुकलो की डोक्यात टपली मारायचा. त्यानं मला वाढवलं, हे मी कधी नाकारलं नाही. म्हणून तर हे सगळं इतकं टोचतं. परका असता तर केव्हाच हिशेब करून मोकळा झालो असतो.

एका रविवारी दादा आला, आणि आम्ही कामात म्हणून थेट पडवीतच आला. दिवा, लाख, उदबत्तीची काडी बघून म्हणाला, ‘काय रे, लेथवर पूजा मांडलीस की काय?’ मग बघत उभा राहिला. नंतर बसला. नंतर चष्मा लावला.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. धाकट्याच्या बायकोनं थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही. मुंबईत येऊन इतकी वर्षं झाली होती, डोक्यावरचा पदर केव्हाच गेला होता, पण ही रीत आईनं टिकवली होती आणि आई गेल्यावर आम्ही ती तशीच ठेवली. दोघं एकाच खोलीत असले तरी बोलणं माझ्यामार्फत व्हायचं.

‘विचार तिला, ही लाख मशीनच्या वेगाला टिकते?’ दादा म्हणाला. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

‘भाऊजींना सांगा, वेग चालतो. धसमुसळेपणा चालत नाही.’

‘आणि तापमान?’

‘सांगा त्यांना, काम गरम लागायला लागलं की थांबायचं. बोट लावून बघायचं.’

मी दोघांच्या मध्ये उभा. म्हणालो, ‘मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे का? बोला की सरळ!’ दादा हसला, तीही तोंडाला पदर लावून हसली. पण सरळ कोणीच बोललं नाही.

काही दिवसांनी तो पुन्हा आला, जरा चिडलेला. कंपनीत एका पातळ वॉशरसारख्या भागावर त्यानं ही युक्ती करून पाहिली होती. तुकडा उडाला आणि ट्यूबलाइट फोडून खाली आला. सगळे हसले होते. ‘तिला म्हण, तुझ्या लाखेत दम नाही.’

तिनं चुलीवरचं उतरवलं आणि मला म्हणाली, ‘त्यांना विचारा, खालचा धातू तापवला होता, की नुसती लाख वितळवून लावली?’

दादानं चष्मा काढला. मग म्हणाला, ‘धातू कशाला तापवायचा?’

‘सांगा, थंड धातूवर लाख नुसती बसते, धरत नाही. आधी धातू एवढा तापवायचा की कांडी टेकवली की ती आपोआप विरघळेल. मग फक्त वस्तू ठेवायची.’

तिनं करून दाखवलं. एकदा नव्हे, त्याचं समाधान होईपर्यंत. जाताना स्वतः वळलेल्या कांड्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, ‘भाऊजींना द्या. बाजारची नुसती लाख ठिसूळ असते.’ मी दोन पावलं चालून त्या दादाच्या हातात दिल्या.

त्या कंपनीत कामगारानं काही चांगली सुधारणा सुचवली की सत्कार करायची पद्धत होती. दादा पेढे घेऊन आला. ढाल मिळाली होती, नोटीस बोर्डावर फोटो लागला होता. ‘सुचलं बघ एकदम,’ तो मला म्हणाला. ‘मनात आलं, लाखेवर का नाही धरायचं?’

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा हात डब्याच्या झाकणावर होता, तिथेच राहिला. मग तिनं पेढे देवापुढे ठेवले आणि चहा टाकला. मी तोंड उघडणार तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी पिऊन घेतलं.

दादा गेल्यावर मी पडवीत येरझाऱ्या घातल्या. ‘उद्या त्याच्या गेटवर जातो. सगळ्या कंपनीसमोर सांगतो.’

‘आणि काय होईल? तुम्ही ओरडलात की लोकांना ओरडणं लक्षात राहतं, कशासाठी ते नाही राहत.’

‘मग गप्प बसायचं?’

‘ते काय सांगणार होते कंपनीत? भावजयीनं शिकवलं? हसले असते त्यांना. ढाल राहू दे त्यांच्याकडे.’ मग म्हणाली, ‘मला एकच हवंय. बाबा डोळ्याच्या ऑपरेशनला येणार आहेत ना? त्यांना मी बसवलेली रिंग दाखवायची. त्यांनी बघायला हवं, बस.’

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं माझ्याकडे साधी साडी मागितल्याचं मला आठवत नाही. ही तिची मागणी. तीसुद्धा माझ्याकडे नव्हती.

तिचे वडील आले. मुलुंडच्याच एका दवाखान्यात मोतीबिंदू काढला. तेव्हा त्याला आजच्यासारखं सोपं मानत नसत. डोळ्यावर जाड पट्टी, मान हलवायची नाही, वाकायचं नाही. दुसऱ्या डोळ्यात आधीच पडदा होता. म्हणजे आमच्या घरात ते आले तरी त्यांना दिसत असं काहीच नव्हतं. खाटेवर पडून पडवीतला आवाज ऐकायचे आणि विचारायचे, ‘गिरण चालता की काय गो?’ ती म्हणायची, ‘पट्टी सुटू दे बाबा, मग दाखवते.’ एक रिंग तिनं त्यांच्यासाठी वेगळी काढली होती. राखेनं घासून, मऊ फडक्यानं चकाकवून ठेवलेली. पण तिला पट्टी सुटेपर्यंत दम निघाला नाही. मी माल घेऊन घाटकोपरला गेलो होतो, त्या सकाळी तिनं ती रिंग त्यांच्या हातात ठेवली. पुढचं मी तिच्याकडून ऐकलं तसं लिहितो.

त्यांनी रिंग चिमटीत धरून फिरवली. अंगठ्याचं नख आतल्या कडेवरून नेलं, मग बाहेरच्या. मग गालाला लावून पाहिली. ती उभी राहून वाट बघत होती. तेवढ्यात दादा त्यांची चौकशी करायला आला, खाटेजवळ बसला. म्हातारबाबा रिंगेतच गुंतले होते. म्हणाले, ‘ही कोणी धरल्यान? खंयच दाब नाय. माका दिसणा नाय, पण बोटांक कळता.’

तिच्या तोंडात शब्द होता. पण समोर थोरला दीर बसलेला, आणि त्याच्यासमोर आपणहून बोलायची तिला सवय नव्हती. ती एक क्षण थांबली. दादा थांबला नाही.

‘लाखेवर धरलीय,’ तो म्हणाला. ‘माझीच युक्ती ती. कंपनीत ढाल मिळाली मला त्याबद्दल.’

म्हातारबाबांना इतका आनंद झाला की उठून बसू लागले. तिनं पुढे होऊन त्यांची मान धरली. त्यांनी तिचा हात चाचपला आणि म्हणाले, ‘बाय गो, तुजो दीर हुशार आसा. मी जल्मभर पुतण्याक शिकवून थकलंय, त्याका येवक नाय. ह्यांका न शिकवता इला.’

आणि ती म्हणाली, ‘होय बाबा.’

हे मला तिनं लगेच सांगितलं नाही. पट्टी सुटण्याआधीच पुतण्या घ्यायला आला, शेतीची काही अडचण निघाली होती. आम्ही त्यांना ठाण्याला एसटीत बसवलं. खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला, तिनं तो धरला, गाडी हलल्यावर सोडला. परत येताना रिक्षात तिनं सगळं सांगितलं. मी रिक्षावाल्याला ओरडून म्हणालो, ‘थांबव! वळव! मागे घे!’

‘नका,’ ती म्हणाली. ‘गाडी गेली. आणि मी तेव्हा बोलले असते तर बाबांना वाटलं असतं, पोरीच्या घरात भांडणं आहेत. दिराला तोंडावर खोटं पाडते, म्हणजे हिला वळण नाही, आईनं काही शिकवलं नाही. डोळ्याला पट्टी लावून एवढा प्रवास करायचा त्यांना. त्यात ही काळजी कुठे भरू?’

‘मग कधी?’

‘मे महिन्यात गावी जाऊ ना, तेव्हा. त्यांच्या ओटीवर बसून, त्यांच्याच दिव्यावर एक रिंग बसवून दाखवेन. सांगायची गरजच पडणार नाही. ते बघतील.’

तिनं तयारीही केली होती. लाखेच्या कांड्या डब्यात भरल्या, रिंगा निवडल्या, मला म्हणाली, चकाऐवजी हातानं फिरवायचं काही छोटं करून द्या. मी लाकडी बैठकीवर एक दांडी बसवून दिली, मूठ लावून. ती मुठीवर हात ठेवून फिरवून बघायची. मला कधी कधी वाटतं, माझ्या हातून इतकं सुबक काम पुन्हा झालं नाही.

मे उजाडला नाही. होळीच्या आधीच गावाहून निरोप आला. म्हातारबाबा एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दादा भेटायला आला. तिचं सुतक चाललं होतं, ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. त्यानं दारातूनच मान खाली घालून, माझ्याकडे बघत म्हटलं, ‘तिला सांग, धीर धर.’ मी त्याला पडवीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

‘दादा, तिच्या वडिलांना तू काय सांगितलंस?’

त्याला आठवायला वेळ लागला नाही. ‘अरे, म्हातारा आजारी होता, बोलता बोलता बोललो. त्यात काय एवढं?’

‘ती तिची विद्या होती.’

‘तिची?’ त्याचा आवाज चढला. ‘ती माझ्याशी एक शब्द तरी बोलली आहे का आयुष्यात? सांग ना. मला जे सांगितलंस ते तू सांगितलंस. कांड्या तू दिल्यास, माझ्या हातात. भावाचं भावानं घेतलं. त्यात चोरी कसली?’

मी आयुष्यभर भाव केले आहेत. भंगारवाल्यांशी, शेठांशी, साहेबांशी. समोरचा खोटं बोलतो तेव्हा मला लगेच कळतं आणि मी त्याला तिथेच पकडतो. पण दादा जे म्हणाला त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. ती त्याच्याशी कधीच बोलली नव्हती. त्याचा मान राखायला ती बोलली नाही, आणि तो मान राखणंच त्यानं तिच्याविरुद्ध साक्षीला उभं केलं. असा सौदा मी कुर्ल्यातही पाहिला नव्हता. मी हात उगारला. मोठ्या भावावर. तेव्हा दार उघडलं आणि ती उभी. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘भाऊजींना सांगा, चहा झालाय.’

त्यानं चहा घेतला. निम्मा टाकून निघून गेला.

पुढे आमचं बरं चाललं. चांगला चक घेतला, कॉलेट घेतली, पडवीची खोली झाली. अगदी बारीक कामाला मात्र ती अजूनही लाखच वापरते. वयानं तिचे हात थरथरतात म्हणून आता उदबत्तीची काडी मी धरतो आणि चक ती फिरवते, उलट झालंय. मी काडी जास्त दाबतो असं तिचं म्हणणं आहे. असेन. ती चक थांबवते, माझी बोटं धरते आणि सोडते, मग पुन्हा फिरवते. ती हाताची मूठवाली बैठक तिनं कधी वापरली नाही, टाकूही दिली नाही. कोणी विचारलं तर म्हणते, ‘ती बाबांची आहे.’ त्यांनी ती पाहिलीही नव्हती.

दादा, तू आता गोरेगावला मोठ्या जागेत राहतोस. ढाल काचेच्या कपाटात ठेवलीस, आणि अजूनही लग्नाकार्यात कोणी विचारलं की गोष्ट सांगतोस: मनात आलं, लाखेवर का नाही धरायचं? ढाल तुला लखलाभ. तू मला शिकवलंस, वाढवलंस, ते मी नाकारत नाही आणि त्याच्याशी याचा वळता हिशेब मी लावू देणार नाही. तुझ्याकडून मला काही नको. पण ती घरात आहे, जिवंत आहे, तिला ऐकू येतं. तू ये. मला मध्ये घेऊ नकोस, मी बाहेर जाऊन उभा राहतो. तिच्यासमोर बस आणि त्या दिवशी तिच्या वडिलांना जे सांगितलंस ते तिच्या डोळ्यांत बघून पुन्हा एकदा म्हणून दाखव. आणि म्हणता येत नसेल, तर का येत नाही, त्याचं उत्तर दे.